मृगाच्या आधी भेदऱ्याची झाडं



वैशाख संपत आला की आमच्या घरात दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. सांदवाडीतली टोमॅटोची झाडं आता काढायची, की अजून थोडे दिवस ठेवायची? एवढ्याशा प्रश्नावर लिहायला बसले म्हणून हे मला हसले. पण या प्रश्नापायी माझ्या हातून एक चूक झाली होती आणि ती शेजारच्या घराला भोवली. म्हणून लिहिते आहे.

माझं माहेर वऱ्हाडातलं. तिकडे आम्ही टोमॅटोला भेदरं म्हणतो. लग्न होऊन देवरीला आले तर इथे बाजारात सगळे टमाटर म्हणायचे. आमच्या कुंपणापलीकडच्या मावशींचं माहेर छत्तीसगडातलं, त्या पताल म्हणतात. देवरी म्हणजे महामार्गावरचं, महाराष्ट्राची हद्द संपण्याआधीचं आमचं तालुक्याचं गाव. त्यामुळे एका कुंपणाच्या दोन बाजूंना एकाच भाजीची तीन नावं नांदतात. मी घरात अजून भेदरंच म्हणते.

हा सगळा धानाचा पट्टा. धान कापून घरात आलं की कार्तिकात भेदऱ्याची रोपं लावायची. पौषात पहिली फळं लाल होतात. माघात इतकी येतात की बाजारात कोणी विचारत नाही. आम्ही रोजच्या वरणात घालतो, हिंग-जिऱ्याची चटणी करतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला पिशवी भरून देतो. फाल्गुनातल्या अष्टाह्निकेपर्यंत झाड भरलेलं असतं. मग चैत्राचं ऊन लागतं. दिवसा पारा ३५ च्या वर गेला आणि रात्रीही गारवा उरला नाही की फुलातले परागकण नीट तयार होत नाहीत. फूल येतं, दोन दिवस दिसतं आणि देठापासून गळून पडतं. मे महिन्यात तर इकडे पारा ४४-४५ पर्यंत चढतो. तेव्हा झाड जिवंत असतं, हिरवं असतं, पण फळ धरत नाही.

इथेच गोची आहे. झाड वाळून गेलं असतं तर काही प्रश्नच नव्हता. ते जगतं. शेंड्याला दोन पिवळी फुलंही दाखवतं. अशा झाडाला हात कसा लावायचा?

तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लेश्यांचं ते चित्र असेलच. जांभळाचं झाड आणि सहा माणसं. काळा माणूस कुऱ्हाड घेऊन बुंध्यालाच भिडलेला. निळा मोठी फांदी तोडतोय, कबुतरी रंगाचा लहान फांदी, पिवळा घोस, पद्म लेश्येचा पिकलेली फळं तेवढी खुडतोय. आणि शुक्ल लेश्येचा पांढरा माणूस खाली पडलेली जांभळं वेचतोय. माहेरच्या मंदिरात प्रदक्षिणेच्या वाटेवर ते चित्र होतं. लहानपणी मी त्या काळ्या माणसाकडे बघायचीही नाही. आता रविवारी चार-पाच मुलं आमच्या ओसरीवर पाठशाळेला येतात, त्यांना मी तेच चित्र दाखवते. मग त्याच हातांनी मागच्या दारी जाऊन जिवंत झाड मुळासकट उपटायचं, हे मला जमत नसे. मी मनाशी म्हणायची, राहू दे. आपोआप जाईल.

आमच्या सासूबाई माझ्याहून पक्क्या. ऐंशी ओलांडली आहे, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, सूर्यास्तानंतर पाणी नाही. सांदवाडीतल्या झाडांना पाणी घालायचं काम त्यांनी अजून सोडलेलं नाही. ते पाणीसुद्धा गाळून. विहिरीची बादली वर आली की गाळण्यातून दुसऱ्या बादलीत, जिवाणी हळूच परत विहिरीत, आणि मग झाडांना. रोज संध्याकाळी दिवस मावळायच्या आत दोन बादल्या.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी एकदा विषय काढला होता. त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला डोंगरगडच्या चंद्रगिरीवर आचार्य विद्यासागर महाराजांची समाधी झाली होती. डोंगरगड इथून जवळ. त्या दिवसांत या भागातल्या आपल्या घरांत दुसरं बोलणं नव्हतं. महाराजांनी आहार-पाण्याचा त्याग केला, तीन दिवसांनी देह सोडला, हे सासूबाईंच्या मनात खोल गेलेलं होतं. मे महिन्यात मी म्हटलं, "आई, यंदा भेदऱ्याची झाडं काढून टाकू या का? फळ तर येत नाही आता."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "महाराजांनी आपलं आपण ठरवलं. या झाडाला कोण विचारणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकरा झाडं तशीच राहिली.

नवतपा सुरू झाला. पानांच्या मागे बारीक पांढऱ्या माश्या बसलेल्या दिसायच्या. झाडाला धक्का लागला की पीठ उडावं तशा उडायच्या आणि परत बसायच्या. चार झाडांची शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळली, आखूड झाली. शेतकरी याला चुरडामुरडा म्हणतात. हा विषाणूचा रोग, आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. खालच्या पानांवर लाल कोळ्यांची जाळी धरली होती. मला हे सगळं दिसत होतं. दिसूनही मी न पाहिल्यासारखं केलं, कारण पाहिलं असतं तर काही ठरवावं लागलं असतं. सासूबाई पाणी गाळून घालत होत्या आणि मी मनातल्या मनात स्वतःला दयाळू समजत होते.

कुंपणापलीकडे त्याच दिवसांत मावशींनी मिरचीचा वाफा टाकला होता. दरवर्षी रोहिणीत टाकतात. मृगाचा पाऊस झाला की रोपं मोठी होतात, मग त्यातली निम्मी आपल्या वाडीत लावायची आणि निम्मी आठवडी बाजारात विकायची. त्यांच्या घरी शेती फार नाही. मिरचीवर त्यांचं वर्षाचं मीठ-तेल चालतं असं त्या म्हणतात, आणि ते खरं आहे.

पाऊस आला. पहिल्या दोन सरींतच माझी झाडं आडवी झाली. राहिलेली फळं चिखलात कुजली. आषाढात, चातुर्मास तोंडावर आलेला असताना, ती काढण्यावाचून इलाज उरला नाही. मी पहिलं झाड ओढलं आणि मुळाबरोबर ओल्या मातीचं ढेकूळ वर आलं. त्यात गांडुळं, मुंग्यांची अंडी, दोन गोगलगायी, आणि कसले कसले लालसर किडे. मी ते ढेकूळ परत खाली ठेवलं. दुसरं झाडही तसंच. ज्या हिंसेला भिऊन मी दोन महिने थांबले होते, ती आता कितीतरी पटीने माझ्या हातात होती. वैशाखात तीच माती कोरडी, कडक होती. वरच्या थरात जवळजवळ काही हलत नव्हतं.

तेवढ्यात मावशी कुंपणापाशी आल्या. हातात मिरचीची तीन रोपं.

"बाई, राग नका येऊ देऊ," त्या म्हणाल्या, "पन तुमच्या पतालावरचे पांढरे चिलटं माह्या मिरचीवर आले. हे पाहा, पानं कसे मुरडले."

माझ्या मनात पहिला विचार काय आला तेही प्रामाणिकपणे सांगते. पांढरी माशी काय, कुठूनही येते. माझ्याच झाडावरून आली कशावरून? हे वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पण वाफा कुंपणाला लागून होता. माझ्या बाजूच्या दोन ओळी पूर्ण मुरडलेल्या होत्या, आणि पलीकडच्या टोकाला थोडी रोपं अजून सरळ उभी होती. मी गप्प बसले.

आत जाऊन पैसे घेऊन आले. त्यांनी हात मागे घेतला. "पैसे घेऊन काय करू? आता पेरीन कवा न लावीन कवा?"

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून मला ते जास्त लागलं. पैशाने वेळ परत आणता येत नाही, हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं. शेवटी हे गोंदियाला गेले तेव्हा तिथून रोपांचे ट्रे घेऊन आले. मावशींनी ते लावले. पण बाजारात विकायची रोपं त्या वर्षी त्यांच्याकडे नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण पर्युषणात ऐकतो. हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी प्राणघाताच्या आधी प्रमादाचं नाव घेतलं आहे. हे मी किती वेळा ऐकलं असेल, मुलांना सांगितलंही असेल. पण प्रमाद म्हणजे काहीतरी बेफिकीरपणे करणं, एवढंच मी धरून चालले होते. काही न करणं हासुद्धा प्रमाद असू शकतो, हे त्या तीन रोपांनी शिकवलं.

रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले, त्यात एक प्रमादचर्या. कारणाशिवाय जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं. यातलं "झाडं तोडणं" तेवढं मी पक्कं लक्षात ठेवलं होतं. पाण्याचं विसरले. फळ न देणाऱ्या, रोगाने मुरडलेल्या झाडांना दोन महिने रोज दोन बादल्या पाणी, तेही विहीर तळाला गेलेली असताना. ते पाणी कशासाठी होतं? झाडासाठी नव्हतं. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून होतं.

गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनाही माहीत होतं. चूल पेटते, घर झाडलं जातं, शेत पिकवलं जातं. असि, मसि आणि कृषी शिकवणारे आपले पहिले तीर्थंकर ऋषभदेवच. ज्याने लावलं त्यानेच वेळ पाहून आवरायचं, हाही त्या शिकवणीचाच भाग असला पाहिजे. आपल्या हातात असतं ते एवढंच, की जे करावं लागणार आहे ते कमीत कमी जिवांना बाधा होईल अशा वेळी आणि अशा रीतीने करावं.

श्रुतपंचमीला आपण ग्रंथ बाहेर काढतो, पुसतो, उन्हं दाखवतो, वेष्टनं बदलतो. पावसाची ओल आणि कसर लागण्याआधी. शास्त्राच्या कपाटाला जी वेळ आपण इतक्या काटेकोरपणे पाळतो, ती मला सांदवाडीत कधी सुचली नव्हती.

आता मी काय करते ते सांगते. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या अंगणात किंवा गच्चीवर चार झाडं असतीलच.

चैत्र संपताना मी झाडांकडे रोज बघायला लागते. सलग पंधरा दिवस नवी फुलं गळत असतील आणि एकही नवं फळ धरलं नसेल, तर त्या झाडाचं फळण्याचं काम संपलं असं समजते. झाडावर जी फळं पूर्ण मोठी झालीत, हिरवट-पांढरी पडलीत, ती उतरवून घेते. घरात कागदात गुंडाळून सावलीत ठेवली की ती आठ-दहा दिवसांत लाल होतात. अगदी कोवळी, गडद हिरवी पिकत नाहीत, त्यामुळे ती झाडावर आहेत म्हणून महिनाभर थांबण्यात अर्थ नसतो.

पानं वळून वाटीसारखी झालेलं झाड मात्र पंधरा दिवसही ठेवत नाही. ते एकटं असलं तरी आधी काढते, मग महिना माघ का असेना. त्याच्यावर उपाय नाही, आणि उभं राहिलं तर ते बाकीच्या दहांना आणि शेजारच्या वाडीला लागतं.

उरलेल्या झाडांचं पाणी अक्षय तृतीयेनंतर आधी निम्मं करते, मग बंद. आठ-दहा दिवसांत ती सुकायला लागतात. पांढऱ्या माशीची एक पिढी या उन्हात साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होते. म्हणून मावशींचा वाफा उगवायच्या निदान तीन आठवडे आधी झाडं निघालेली असावीत, असा हिशेब धरते. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते. म्हणजे मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काम संपलं पाहिजे.

झाड उपटत नाही, जमिनीलगत विळ्याने कापते. मूळ जमिनीतच राहतं, तिथेच कुजतं, आणि मातीतल्या जिवांना धक्का लागत नाही. मुळांवर गाठी धरल्या असतील तर मात्र ती काढावी लागतात, नाहीतर सूत्रकृमी पुढच्या पिकाला लागतो. कापायच्या आधी खोडावर, आधाराच्या काठीवर मुंग्या किंवा कोळी असतील तर मऊ कुंचल्याने हळूच बाजूला करते. आपल्या मुनिराजांच्या हातातली पिंछी तेव्हा डोळ्यांसमोर येते. कापलेली झाडं पेटवत नाही. कुंपणापासून लांब, कोरड्या उघड्या जागी पसरून कडक वाळू देते. आणि त्या जागी पुढच्या कार्तिकात पुन्हा भेदरी लावत नाही, वांगी-मिरचीही नाही. ही सगळी एकाच कुळातली. तिथे वाल किंवा चवळी.

एवढं करूनही हिंसा शून्य होत नाही. पानामागे चिकटलेली माशीची पिल्लं उडू शकत नाहीत, ती पानाबरोबर वाळतात. हे मला माहीत आहे. त्याची आलोचना मी सामायिकात करते. पण जी टाळता येते ती टाळली, आणि जी राहिली ती माझी म्हणून मान्य केली, एवढं मी म्हणू शकते.

पुढच्या वर्षी सासूबाईंना मी सगळा हिशेब सांगितला, मावशींच्या मिरचीसकट. त्यांनी ऐकून घेतलं. मी म्हटलं, "आई, तुम्ही म्हणाला होता, झाडाला कोण विचारणार. कोणीच विचारू शकत नाही. म्हणून तर ते आपल्यावर आलं. आणि आपण काही ठरवलं नाही, तरी काहीतरी ठरतंच." त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पण तीन-चार दिवसांनी संध्याकाळी एकच बादली गाळली, आणि ती पक्ष्यांच्या मातीच्या भांड्यात आणि बाकीच्या झाडांना घातली.

कापायच्या दिवशी सकाळी त्या माझ्यामागे सांदवाडीत आल्या. पाटावर बसल्या. मी पहिल्या झाडाशी विळा लावला तेव्हा मागून णमोकार मंत्र ऐकू आला. अकराही झाडं होईपर्यंत त्या म्हणत होत्या. मी मागे वळून पाहिलं नाही.

यंदाही मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाडं निघाली. रोहिणीत मावशींनी वाफा टाकला. आता त्यांची रोपं बोटभर उंच आहेत, पानं सरळ आहेत. परवा त्या कुंपणावरून वाकून आमच्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाल्या, "बाई, औंदा लवकर काढले पताल." मी म्हटलं, "हो." एवढंच बोलणं झालं.

गेल्या रविवारी पाठशाळेत पुन्हा ते चित्र काढलं होतं. एका मुलाने विचारलं, "काकू, त्या झाडाला एकपण जांभूळ नसतं, तर ते सहा जण काय करणार?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. मग मी मुलांना मागच्या दारी नेलं, कापलेली खुंटं दाखवली, आणि कुंपणापलीकडची मिरची दाखवली. कोणत्या लेश्येचं काम हे, ते मी सांगितलं नाही. ते मलाच अजून दरवर्षी नव्याने तपासावं लागतं.

जय जिनेंद्र.